यादीतून सुटलेली ठकी

“यादीत एकूण किती घेतल्यास म्हणालास?”

“बावीस, सर.”

“बावीस...”

सरांनी तो आकडा जरा वेळ तोंडात घोळवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “खोचरे, घ्या वाचायला.”

मी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात कोण कोण बसलंय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको.

आजऱ्याच्या बाहेर, काजूच्या झाडांत, शिरगुप्पे सरांचं दोन खोल्यांचं घर आहे. सरांनी सगळी हयात आकाश बघण्यात घालवली आणि म्हातारपणी काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले. आता त्यांना उजेड कळतो, समोर माणूस हलला तर कळतो. अक्षर कळत नाही.

मी त्यांचा शेजारी. दिगंबर खोचरे, मोजणी खात्यातून निवृत्त. छत्तीस वर्षं लोकांचे बांध मोजले आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. आकाशातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी रोज सकाळी दहाला जाऊन मी सरांना वाचून दाखवतो. वर्तमानपत्र, पत्रं आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे लेख.

लेखांच्या बाबतीत सरांचा एक नेम आहे. विद्यार्थ्याचा लेख छापायला जाण्याआधी त्यांच्यापुढे मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. आणि ज्यानं लिहिला त्यानं वाचायचा नाही. लिहिणारा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो, असं सरांचं म्हणणं. वाचणाऱ्याला त्यातलं काही कळत नसलं तर फारच उत्तम. त्यामुळे या कामाला माझ्याइतका लायक माणूस तालुक्यात नाही.

समोर बसला होता निनाद चौगुले. सरांचा शेवटचा विद्यार्थी आणि सगळ्यांत हुशार. हे सरांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि निनादला तर फारच माहीत आहे. हल्ली तो परदेशात मोठ्या जागी असतो. येताना सरांसाठी शाल घेऊन आला होता, इतकी भारी की ती पांघरून आजऱ्यात जायचं कुठे हा प्रश्न पडावा.

मी वाचायला सुरुवात केली.

लेख इंग्रजीत. वाचता मला येतं, कळतं निम्मं. पण सरांच्या सहवासात ऐकून ऐकून जे डोक्यात शिरलंय ते असं.

आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट मेळे असतात, त्यांना दीर्घिका म्हणतात. प्रत्येकीच्या मधोमध एक कृष्णविवर. काही काही ठिकाणी ते विवर खायला लागतं. भोवतीचा वायू ओढून घेतं, आणि त्या खाण्याच्या धांदलीत तिथं इतकी आग उसळते की पोटात जाण्याआधीच बराचसा वायू वाऱ्यासारखा बाहेर उधळला जातो. नवे तारे होतात ते या वायूतूनच. तो वारा थेट कडेपर्यंत पोचला आणि सगळा वायू घेऊन गेला, तर त्या दीर्घिकेत पुढे तारे होत नाहीत. असलेले म्हातारे होतात, विझतात, संपलं. पावसानं माती वाहून गेलेलं रान जसं नुसतं खडक दाखवत पडतं, तसं.

सरांच्या नावावर जगात एकच गोष्ट आहे. तेहतीस वर्षांपूर्वी त्यांनी एका दीर्घिकेतला असा वारा मोजला. मधल्या विवरापासून दहा हजार प्रकाशवर्षं दूर, अगदी कडेपर्यंत पोचलेला. ही दीर्घिका आता विझत जाणार, असं त्यांनी लिहिलं. ते पाठ्यपुस्तकात गेलं. अजून आहे. तिचा नंबर नऊशे सतरा. सर तिला ठकी म्हणतात.

तर निनादच्या लेखात आजूबाजूच्या दीर्घिकांतले असेच वारे नव्या दुर्बिणीनं पुन्हा मोजलेले होते. आजूबाजूच्या म्हणजे पाचसहा कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या. या लोकांचा शेजार असा असतो.

मी यादीपाशी आलो. नुसते नंबर होते. जमिनीचे गट नंबर पुकारायची मला सवय, एकेक खणखणीत पुकारला.

सर प्रत्येक नंबराला मांडीवर एक बोट आपटत होते.

“एकशे साठ.”

“ही तिरकी बसलेली आहे... हं.”

“चारशे तीन.”

“हिच्या पोटात धूळ फार. हं, पुढे.”

“आठशे बहात्तर.”

“हं.” सरांनी पुढच्या नंबरासाठी बोट उचललं.

“अकराशे चार.”

बोट खाली आलं नाही.

मी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि वाचत राहिलो. शेवटपर्यंत ते बोट तसंच वर होतं.

“संपली?” सरांनी विचारलं.

“संपली.”

“एखादं पान चिकटलं असेल, खोचरे. बघा बरं.”

मी पान बोटांत चोळून बघितलं. एकच पान होतं.

“नाही सर. चिकटलेलं नाही.”

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचली. आठशे बहात्तरच्या मागून पुन्हा अकराशे चारच आली.

सरांनी बोट हळूच मिटून घेतलं.

निनाद खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काजूची झाडं सोडून बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“निनाद...”

“सर?”

“ठकी?”

“तिची नोंद नीट आली नाही, सर. हवा चांगली नव्हती.”

“किती रात्री घेतलीस तिला?”

“चार.”

“चारही रात्री हवा वाईट?”

“... हो.”

“आणि त्याच रात्री अकराशे चार घेतलीस ती मात्र नीट आली? दोघी आकाशात एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, लेका.”

निनादचे कान लाल झाले होते. एवढा शिकलेला माणूस, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्चा.

मला राहवलं नाही. “निनादराव, मोजणीत एखादा गट सुटला, तर तो विसरून कधी सुटत नाही बघा. कुणीतरी कुणालातरी जपत असतंय.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

मग निनाद बोलला. आवाज मोठा होता, जरा जास्तच मोठा.

“तुमच्यासाठी सोडली, सर. नऊशे सतराचं मोजमाप सगळ्यांत चांगलं आलंय. सगळ्यांत सुंदर. या लेखातली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच झाली असती, माझं नाव झालं असतं. मी ती काढून टाकली. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. कुणाला कळणारही नाही.”

“म्हणजे माझं चुकलं होतं.”

“सर, त्या काळात...”

“चुकलं होतं का?”

“हो.”

सरांनी पाण्याचा तांब्या शोधायला हात पुढे केला. हात तांब्याच्या बाजूनं दोनदा गेला आणि दोन्ही वेळा रिकामाच मागे आला. रोज त्यांना तो एका झटक्यात सापडतो.

तांब्या मी त्यांच्या हातात दिला. खरं सांगतो, त्या घडीला मला निनादचा मनस्वी राग आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे या पोराला कुणी शिकवलं नव्हतं का? गाळायचीच होती ठकी, तर सरळ लेख छापून मोकळा व्हायचास. इथं आणून, या माणसाच्या कानापुढे, माझ्याच तोंडानं ती यादी का वाचायला लावलीस?

पण सरांचा नेम होता, आणि नेम मोडायची त्याची छाती नव्हती. हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

सर पाणी प्याले.

“कुठे चुकलं?”

“नका ना, सर.”

“कुठे?”

निनाद खाली सतरंजीकडे बघत सांगायला लागला. “हवा थरथरत असली की मधला झगझगीत ठिपका फुटतो. कागदावर शाई फुटावी तसा. त्याच्याबरोबर वाऱ्याची खूणही बाजूला पसरते. मग वारा असतो त्याच्यापेक्षा कितीतरी लांब गेलेला दिसतो.”

“ते मी तुलाच शिकवलं. म्हणून तर शेजारचा एखादा तारा घ्यायचा. तारा म्हणजे नुसता ठिपका. तो किती फुटलाय ते मोजायचं आणि तेवढं वजा करायचं. तारा मी घेतला होता.”

“संध्याकाळी घेतला होता, सर. ठकी उगवली पहाटे. तुमच्या त्या रात्रीच्या वहीत मी बघितलं. साडेतीन वाजता तुम्ही लिहिलंय, ‘वारं सुटलं. घुमट हलतोय.’ त्याच्यानंतर तारा घेतलेला नाही.”

सरांनी तांब्या हळूच खाली ठेवला.

मला वाटलं, ते आठवताहेत. पण ते काही विसरलेच नव्हते.

“उजाडायला वीस मिनिटं होती,” सर म्हणाले. “अकरा रात्री मिळाल्या होत्या मला. नऊ ढगांत गेल्या. दहाव्या रात्री यंत्र बिघडलं. ही शेवटची. वीस मिनिटांत दुर्बीण वळवून तारा घ्यायचा, का तेवढी वीस मिनिटं आणखी ठकीकडेच बघायचं...”

“मग?” निनादनं विचारलं.

“तिच्याकडेच बघितलं.”

हे सांगताना सर थोडे हसले. चोरून खाल्लेला गूळ कबूल करताना माणूस हसतं तसं.

“मनात यायचं अधूनमधून, की तारा घ्यायला हवा होता. पण पुन्हा दुर्बीण मिळाली नाही. आणि वाटायचं, कुणीतरी बघेलच की तिच्याकडे. कुणी बघितलंच नाही रे. तेहतीस वर्षं. शिरगुप्प्यांनी बघितलीय, विझत चाललीय, विषय संपला. माझ्यामुळे तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. आणि एक जण फिरकला, तर त्यानं तिला घरात घेतलंच नाही.”

निनाद पुटपुटला, “मला वाटलं, मी तुमचं ऋण फेडतोय.”

“वाटलं असेल. आणि आपण किती मोठं मन दाखवलं, असंही वाटलं असेल?”

निनादनं मान खाली घातली. आता ती खरोखर वाकली होती.

“... हो, सर. विमानात सगळा वेळ तेच वाटत होतं.”

हे मात्र मला आवडलं. एवढं कबूल करायला हिंमत लागते. माझा निम्मा राग तिथंच उतरला.

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला, तो त्याच्या खांद्यावर पडला. त्यांनी तो तिथंच राहू दिला.

“खोचरे, पेन आहे?”

“आहे.”

“यादीत आठशे बहात्तरच्या खाली जागा आहे?”

“थोडी आहे. बारीक लिहावं लागेल.”

“लिहा बारीक. नऊशे सतरा.”

मी लिहिलं. छत्तीस वर्षांत इतक्या जपून मी कुठला नंबर लिहिला नसेन.

“आता खाली एक वाक्य घालायचं. निनाद, तू सांग. खोचरे मराठीत टिपून घेतील, इंग्रजी नंतर तुझं तू कर.”

निनादनं डोळे पुसले. घसा साफ केला. “‘पूर्वीच्या काही अंदाजांपेक्षा या दीर्घिकेतल्या वाऱ्याची लांबी कमी आढळते.’”

“पूर्वीच्या म्हणजे कुणाच्या?”

“... पूर्वीच्या.”

“पूर्वी किती जणांनी मोजलाय?”

“एकानं.”

“मग ‘काही’ कशाला? खोडा, खोचरे.”

मी ‘काही’ खोडलं.

“सर, मग असं करू. ‘तत्कालीन साधनांच्या मर्यादेमुळे...’”

“साधन चांगलं होतं. दुर्बिणीनं माझं काय वाकडं केलं होतं? तिला कशाला बदनाम करतोस? नाव घाल, साल घाल. शिरगुप्पे यांनी संध्याकाळचा तारा पहाटेच्या दीर्घिकेला लावला, त्यामुळे त्यांचं मोजमाप चुकलं. पुढे तुझा आकडा.”

“असं इतकं सरळ कुणी लिहीत नाही, सर.”

“म्हणून तर लेख वाचताना झोप येते.”

मी हसलो. हसायला नको होतं, पण आलं. निनादही हसला, आणि हसता हसता त्याला एकदम रडू फुटलं. चाळिशीचा माणूस, भारी बूट दाराबाहेर काढून आलेला, सतरंजीवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

“पुस्तकातून तुमचं नाव जाईल, सर. तेवढी एकच गोष्ट होती.”

“जाईल.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं की. न वाटायला मी काय दगड आहे?”

एवढं बोलून सर थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता, तो त्यांनी लपवला नाही. मला वाटलं, आता इथून उठावं, गुरुशिष्यांना एकटं सोडावं. मी कागद आवरायला लागलो.

“थांबा, खोचरे. वाक्य पुरं व्हायचंय. आकडा राहिला. किती निघाला वारा, निनाद?”

“जेमतेम तीनशे प्रकाशवर्षं.”

“तीनशे?” सर पुढे झुकले. “हजार नाही?”

“तीनशे. विवराच्या आसपासच घुटमळतो आणि तिथंच बसतो. खिडकीत दिवा लावावा आणि अंगणसुद्धा उजळू नये, एवढासा आहे, सर.”

मी आकडा टिपला. सरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. शिकवताना त्यांच्या कपाळावर पडायची तीच, असं निनाद मला नंतर म्हणाला.

“म्हणजे कडेपर्यंत पोचतच नाही...”

“नाही.”

“मग कडेचा वायू?”

“आहे, सर.”

“आहे? जागच्या जागी?”

“सगळा. कुणी हात लावलेला नाही.”

मग अगदी हळू, जणू उत्तराची भीती वाटावी तसं सरांनी विचारलं, “आणि तारे?”

निनादनं वर बघितलं. त्याच्या बहुधा तेव्हाच ध्यानात आलं, की आपण कोणापासून काय लपवून ठेवलं होतं.

“होताहेत, सर. उत्तरेच्या कडेला तर नुसती गर्दी आहे. अगदी कोवळे, निळे. एकशे चाळीस पुंजके मोजले मी, आणि मोजून संपले नाहीत.”

सर उठून उभे राहिले. कशाला उठले ते त्यांनाही कळलं नसावं. एक हात भिंतीला, एक निनादच्या खांद्यावर. ज्या डोळ्यांना आता माझं तोंडही दिसत नाही, ते भरून आले आणि त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.

“अरे, म्हणजे पोर नांदतेय...” सर म्हणाले. “आणि हे तू मला सांगणार नव्हतास?”